पाऊस पडला का तिकडे?

श्रोतेहो, नमस्कार.

आज जे सांगायचं आहे त्याची सुरुवात माझ्या एका फजितीपासून करतो. आमच्या मंडळीचा, म्हणजे आमच्या चर्चचा, मी काही वर्षं सेक्रेटरी होतो. नगर जिल्ह्यातली, आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातली, दीडशे-पावणेदोनशे घरांची लहानशी मंडळी. आमच्यातलंच एक जोडपं आफ्रिकेत मलावी देशात एका मिशन हॉस्पिटलात काम करतं. ती नर्स, तो हॉस्पिटलचं पाणी, पंप, जनरेटर सांभाळतो. मंडळी काही त्यांचा पगार देत नाही. मुलगा इकडे वसतिगृहात शिकतो आणि म्हातारे आईवडील गावात आहेत. त्यांचा खर्च आणि दोन-चार वर्षांनी येण्याजाण्याचं विमानभाडं आम्ही उचलतो. वर्गणी गोळा करायची, पावत्या फाडायच्या, पत्र आलं की नोटीसबोर्डावर लावायचं, एवढं झालं की आमचं काम झालं असं आम्ही धरून चालायचो.

तर हे दोघं पहिल्यांदा रजेवर आले तेव्हा कार्यक्रमाची आखणी माझ्याकडे होती. मी अगदी झोकात केली. स्वागतगीत, शाल-श्रीफळ, पाळकसाहेबांचं भाषण, पंचांपैकी दोघांची भाषणं, तरुण संघाचा मुलगा, संडे स्कूलची प्रार्थना आणि शेवटी मीच आभारप्रदर्शनाला. पाहुण्यांच्या वाट्याला किती मिनिटं आली असतील? बारा. त्यातली पाच प्रोजेक्टर लागत नाही म्हणून गेली. उरलेल्या सातांत त्यांनी हॉस्पिटलच्या इमारतीचे फोटो दाखवले, "आपल्या प्रार्थनांमुळे सर्व कुशल आहे" असं सांगितलं आणि आम्ही टाळ्या वाजवल्या. मग जेवण. चार हजार मैलांवरून आलेल्या माणसांना आम्ही मटण-भाकरी वाढली आणि एकही प्रश्न विचारला नाही.

तेव्हा मला त्यात काही चुकलं असं वाटलं नव्हतं, हे कबूल करतो. उलट कार्यक्रम छान झाला म्हणून मी खूश होतो.

दूर देशी कामाला गेलेल्यांनी परत येऊन आपल्या मंडळीपुढे उभं राहायचं, ही रीत ख्रिस्ती मंडळीइतकीच जुनी आहे. बायबलात प्रेषितांच्या कृत्यांच्या चौदाव्या अध्यायात पौल आणि बर्णबा हे दोन प्रचारक फेरी संपवून अंत्युखियाला येतात, मंडळी जमवतात आणि काय काय घडलं ते सांगतात. पुढे असंही लिहिलंय की ते तिथे बरेच दिवस राहिले. एका रविवारी येऊन सोमवारची गाडी पकडली नाही त्यांनी. आणि उलटा प्रवासही होता. फिलिप्पैच्या मंडळीनं पौलाकडे मदत पाठवली ती एपफ्रदीत नावाच्या माणसाच्या हाती. तो तिथे मरणाच्या दारी जाईल इतका आजारी पडला. तो आजारी आहे हे मागे मंडळीला कळलं, आणि त्यांना कळलंय म्हणून तो आणखी कासावीस झाला. चार ओळींत केवढं घरगुती दुःख आहे बघा. मनीऑर्डर पाठवली असती तर यातलं काही घडलं नसतं. खर्च वाचला असता, पण ती चार वाक्यं आपल्याला मिळाली नसती.

आता तुम्हाला दोनशे-सव्वादोनशे वर्षं मागे नेतो. विल्यम केरी या इंग्रज मिशनऱ्याचं नाव मराठी माणसानं विसरू नये. 1805 साली त्यांचं मराठी व्याकरण छापून निघालं, 1810 साली मराठी-इंग्रजी कोश, तोही मोडी टाइपात. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजातले वैजनाथ पंडित या कामात त्यांचा मोठा आधार. ही सगळी छपाई श्रीरामपूरला झाली. आमचं ऊस-साखरेचं श्रीरामपूर नव्हे. बंगालमधलं, हुगळीकाठचं, तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात असलेलं. पूर्वी चपला-बूट शिवणारा हा माणूस 1793 च्या जूनमध्ये इंग्लंडहून जहाजात बसला आणि नोव्हेंबरात कलकत्त्याला उतरला. 1834 साली श्रीरामपूरला वारला. मधल्या एक्केचाळीस वर्षांत तो एकदाही घरी गेला नाही.

केरींना पाठवणारी मंडळी लहान होती. 1792 च्या ऑक्टोबरात केटरिंग नावाच्या गावात एका विधवा बाईच्या घराच्या मागच्या खोलीत दहा-बारा माणसं बसली आणि 13 पौंड 2 शिलिंग 6 पेन्स एवढी वर्गणी कबूल झाली. पुढे त्यांच्यातले अँड्र्यू फुलर एक आठवण सांगत. हिंदुस्थान म्हणजे न मोजलेली खोल खाण, तिच्यात उतरायचं कोणी? केरी म्हणाले, मी उतरतो, पण वर दोर तुम्ही धरून ठेवायचा.

आम्ही विहिरी खोदणारी माणसं. आमच्याकडे हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही. आता यारी आली, इंजिन आलं. पण जुने लोक सांगतात, दोरावरचा माणूस नेहमी ओळखीचा लागायचा. खालच्याची हाक कशी असते, ओरडतोय म्हणजे सुरुंग पेटवलाय की नुसती तंबाखू मागतोय, हे वरच्याला आवाजावरून कळलं पाहिजे. दोर ओढण्यापेक्षा हाक ओळखणं अवघड.

फुलर आणि त्यांचे सोबती सटक्लिफ, रायलंड यांना ती हाक ओळखता यायची. केरींच्या ओट्यावर बसून चहा प्यालेली माणसं ती. 1812 च्या मार्चमध्ये श्रीरामपूरच्या छापखान्याला आग लागली. कागद, टाइप, हस्तलिखितं, सगळं जळालं. बातमी इंग्लंडला पोचायला सप्टेंबर उजाडला. पण पोचल्यावर दोनेक महिन्यांत नुकसान भरून निघेल इतका पैसा उभा राहिला. कोणी परत आलं नव्हतं, कुणी भाषण केलं नव्हतं, नुसत्या पत्रावर. म्हणजे पैशासाठी माणसानं यावंच लागतं, असं नाही. हे मी मुद्दाम सांगतोय, कारण मंडळीत नेहमी हाच हिशोब निघतो: एवढं तिकिटाला घालायचं त्यापेक्षा तीच रक्कम कामाला पाठवू. पैशापुरतं बोलायचं तर हे बरोबरच आहे.

पण पुढे काय झालं पाहा. 1814 साली सटक्लिफ गेले, 1815 साली फुलर. दोरावर नवे हात आले. कारभार ओळखीच्या माणसांकडून लंडनच्या कमिटीकडे गेला. कमिटीतल्या बहुतेकांनी केरींचं तोंड पाहिलेलं नव्हतं. इकडे केरी आणि त्यांचे श्रीरामपूरचे सोबती मार्शमन आणि वॉर्ड यांनी स्वतःच्या कमाईतून जागा घेतल्या होत्या, शाळा काढल्या होत्या, छापखाना चालवला होता. केरींना फोर्ट विल्यम कॉलेजात शिकवण्याचे आधी महिना पाचशे, मग हजार रुपये मिळत. त्यातलं घरापुरतं ठेवून बाकी सगळं सामायिक तिजोरीत. पण लंडनला कुजबुज सुरू झाली की ही माणसं गबर झाली आहेत. जागा कोणाच्या नावावर, विश्वस्त कोण, हिशोब का येत नाही? पत्रामागून पत्रं. एका पत्राला जायला पाच महिने, उत्तराला पाच. भाऊबंदकीचा खटला अशा टपालानं चालवून पाहा! त्यातच इंग्लंडहून नवे तरुण मिशनरी आले. केरींचा सख्खा पुतण्याही त्यांत होता. त्यांचं जुन्यांशी पटेना, आणि त्यांनी कलकत्त्यात वेगळी चूल मांडली.

शेवटी वॉर्ड निघाले. जवळजवळ वीस वर्षांनी तिघांपैकी एकजण इंग्लंडला पोचला. तिथून हॉलंड, मग अमेरिका. श्रीरामपूर कॉलेजासाठी वर्गणी जमली. अमेरिकेतल्या काही दात्यांनी अट घातली की हा पैसा फक्त धर्मशिक्षणाला, विज्ञान शिकवायला नाही. केरींना ती अट पटली नाही, आणि ते त्यांनी बोलूनही दाखवलं. म्हणजे भेट झाली की गोडीगुलाबीच होते असंही नाही. वॉर्ड परत आले आणि 1823 साली कॉलऱ्यानं गेले. पुढे मार्शमन लंडनला गेले तोवर गाठ इतकी आवळली होती की सुटेना. 1827 साली श्रीरामपूर आणि त्यांना पाठवणारी संस्था वेगळे झाले. पुन्हा एकत्र आले ते 1837 साली. केरी तोवर तीन वर्षं मातीत होते.

1812 साली पत्रावर पैसा आला आणि पाचसात वर्षांतच त्याच टपालातून संशय आला. मध्ये तोंड पाहिलेली माणसं गेली होती, एवढाच फरक. केरी रजेवर गेले असते तर सगळं टळलं असतं असं मी म्हणत नाही. ते जाते तर कदाचित तो कोश झाला नसता. पण एक्केचाळीस वर्षांत एकदाही घरी न जाण्याचं कौतुक व्यासपीठावरून होतं तेव्हा मला ही दहा वर्षांची फाटाफूट आठवते.

आता आमच्या नगरची गोष्ट. रॉबर्ट ह्यूम. जन्म मुंबईचा, 1847 चा. बाप मिशनरी. शिक्षण अमेरिकेत. 1874 साली नगरला आले, 1878 साली इथे धर्मशिक्षणाची सेमिनरी काढली. नगरच्या ख्रिस्ती घरांत हे नाव अजून घेतात. रेव्हरंड टिळकांच्या चरित्रातही ते भेटतात. त्यांना पाठवणारी संस्था बोस्टनची, अमेरिकन बोर्ड.

1886 साली ह्यूमसाहेब रजेवर अमेरिकेत होते. अँडोव्हर सेमिनरीच्या माजी विद्यार्थ्यांच्या जेवणाच्या वेळी ते बोलले. तेव्हा तिकडे एका प्रश्नावर रान उठलं होतं: ज्यांना आयुष्यात सुवार्ता ऐकायलाच मिळाली नाही, त्यांना मृत्यूनंतर संधी मिळेल की नाही? बोर्डाच्या जुन्या मंडळींना हा विचारच धोक्याचा वाटायचा. त्यांचं म्हणणं, अशी संधी आहे म्हटलं की मिशनरी पाठवायचे कशाला? ह्यूमसाहेबांनी या नव्या विचाराच्या बाजूनं आपलं मत मांडलं. बोर्डाच्या कमिटीनं त्यांना परत पाठवायलाच खळखळ सुरू केली. घरी सुट्टीला आलेला माणूस, इकडे नगरात काम खोळंबलेलं, आणि तिकडे त्याच्या श्रद्धेचा पंचनामा! पुढच्या वर्षी, 1887 साली, त्यांना एकदाची परवानगी मिळाली.

अमेरिकेत तो वाद विद्वानांचा होता. नगरला तो वाद नव्हता. इथे नवा ख्रिस्ती झालेला महार किंवा मांग माणूस पहिला प्रश्न हाच विचारणार: माझ्या बापाचं काय? आज्याचं काय? तो तर चांगला माणूस होता. या प्रश्नाला इमारतीचे फोटो दाखवून उत्तर देता येत नाही. बोस्टनच्या खुर्चीतल्या माणसाला तो सुचतही नाही, कारण त्याचा आजा, पणजा, खापरपणजा सगळे बाप्तिस्मा घेतलेले. तो प्रश्न समुद्र ओलांडून न्यायला इथे राहून गेलेला माणूस लागतो.

ह्यूमसाहेबांनी तोंड मिटून ठेवलं असतं तर वर्षभराचा ताप वाचला असता. वर्गणीही नीट जमली असती. पण मग ते बोस्टनला जाऊन आले काय आणि फोटो पाठवला काय, सारखंच.

पंडिता रमाबाईंचं उदाहरण थोडं वेगळं. 1887 च्या डिसेंबरात बोस्टनला रमाबाई असोसिएशन उभी राहिली. ती एका पंथाच्या चर्चची नव्हती, निरनिराळ्या मंडळींतले लोक तीत होते. गावोगावी मंडळं निघाली, बाईंच्या कामाला दहा वर्षं पैसा द्यायचं वचन मिळालं. त्या पैशावर 1889 च्या मार्चमध्ये मुंबईला विधवांसाठीचं शारदा सदन सुरू झालं, पुढच्या वर्षी पुण्यात आलं. 1893 साली पुण्यात सदनातल्या मुलींच्या धर्मांतराचं प्रकरण पेटलं. रानडे, भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले. बोस्टनला किती तऱ्हेच्या बातम्या पोचल्या असतील याची कल्पना करा. तेव्हा असोसिएशनच्या ज्यूडिथ अँड्र्यूज बाई स्वतः इथे येऊन गेल्या. आणि दहा वर्षं भरली तेव्हा, 1898 साली, रमाबाई उठून अमेरिकेला गेल्या, लोकांसमोर उभ्या राहिल्या आणि हिशोब दिला. मुदत संपली होती, दात्यांना हात झटकता आले असते. तसं झालं नाही. जुनी संस्था बंद करून त्यांनी नवी उभी केली आणि मदत चालू राहिली. एकदा इकडून तिकडे, एकदा तिकडून इकडे. केरींच्या बाबतीत या फेऱ्या वेळेवर झाल्या नाहीत.

बरं, परत माझ्या फजितीकडे.

ते जोडपं दुसऱ्यांदा आलं ते गेल्या नाताळानंतर. आता सेक्रेटरी दुसरा आहे, शहाणा आहे. त्यानं कार्यक्रम ठेवलाच नाही. रविवारी उपासनेत फक्त ओळख, आणि गुरुवारी दुपारी महिला मंडळाच्या बैठकीत त्या दोघांना नुसतं बसवलं. चटई, चहा, आणि खायला शेंगा. पुरुषांपैकी आम्ही तिघे-चौघे दाराशी.

पहिला प्रश्न आला, "तिकडं भाकरी मिळती का?" ती म्हणाली, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा करतात, न्सिमा म्हणतात त्याला, पालेभाजीशी खायचा. मग त्यावर दहा मिनिटं. पीठ पांढरं की पिवळं, मीठ घालतात का, हातानं मोडतात का. मी आतल्या आत चुळबुळ करत होतो, की अहो, कामाचं काही विचारा. मग तिनं सांगितलं की पेरणी झाल्यावर आणि कणसं भरायच्या आधीचे महिने, डिसेंबर ते मार्च, वाईट असतात. कणग्या रिकाम्या होतात. त्याच दिवसांत वॉर्डात अशक्त लेकरं वाढतात. तेव्हा मागे भिंतीला टेकून बसलेली आमची सर्वांत वयस्कर आजी, ऐंशीच्या पुढची, म्हणाली, "बहात्तर सालावानी." आणि तिनं लाल मिलो सांगितली, अमेरिकेतून आलेली ती जाडीभरडी ज्वारी, जी गिळवत नव्हती पण गिळली. सुकडी सांगितली. दगडं फोडायच्या कामावर पोटुशी असताना कशी गेली ते सांगितलं. आमच्यातल्या निम्म्या बायकांनी ते पहिल्यांदा ऐकलं. मलावीची बातमी ऐकायला बसलो होतो आणि आमच्याच गल्लीतली बातमी कळली.

मग त्याच आजीनं त्या नर्सपोरीला विचारलं, "रडू येतं का गं तिकडं?"

ती थांबली. नवऱ्याकडे पाहिलं. मग म्हणाली, दोन-तीन वर्षांपूर्वी तिकडे कॉलऱ्याची मोठी साथ आली होती, आणि साथ ओसरायच्या आतच मार्चमध्ये चक्रीवादळ. त्या दिवसांत मी झोपले किती आणि उभी किती, मला आठवत नाही. तीन महिने मला प्रार्थना करता आली नाही. ओठ हलायचे, आत काही नसायचं. हे मी पत्रात लिहिलं नाही. तुम्ही पत्र बोर्डावर लावता.

खोलीत शेंगा फोडायचा आवाज थांबला.

ते पत्र मला आठवतं. मीच लावलं होतं, चार टाचण्या मारून. "प्रभूच्या कृपेने सर्व कुशल." त्या दिवसांत आमच्याकडे इमारतीला रंग द्यायचा की फरशी बदलायची यावर भांडण चालू होतं.

कुणी उपदेश केला नाही, हे आमच्या बायकांचं थोरपण. पाळकसाहेबांनी करायला घेतला होता, पण आजीनं हात वर केला. एका बाईनं विचारलं, "मग आम्हाला सांगायचं कुणी? फोन करायचा ना." ती म्हणाली, तुमचं काहीतरी बरं चाललंय असं वाटतं तिथून, उगाच कशाला. त्यावर तीन-चार बायका एकदम हसल्या. "आमचं? बरं?" आणि मग ज्या गोष्टी बाहेर पडल्या त्या मी रेडिओवर सांगणार नाही. बैठक साडेतीनला सुटायची ती सहाला सुटली.

जायच्या आदल्या दिवशी महिला मंडळानं एक गोधडी दिली. जुन्या लुगड्यांची, नऊ बायकांनी टाके घातलेली. त्यांच्या तिकिटावर विमानात तेवीस किलोच नेता येत होते, गोधडी भरली साडेतीन किलो. मंडळीनं आधी दिलेली एक पितळी समई आणि मानपत्राची फ्रेम त्यांनी माझ्याकडे ठेवायला दिली. ती फ्रेम मीच निवडली होती, पहिल्या भेटीच्या वेळी. अजून माझ्या कपाटावर आहे.

नोव्हेंबर लागला की तिकडे पेरणीचे दिवस येतात. परवाच्या रविवारी उपासनेत सूचना वाचून झाल्या, पाळकसाहेब गीताचा नंबर सांगणार एवढ्यात मागून आजीचा आवाज आला, "पाऊस पडला का तिकडं?" कुणाला काय कळावं! दोन पोरं वळून आभाळ बघायला लागली. पाळकसाहेबांना मात्र कळलं. त्यांनी झग्याआडून मोबाइल काढला, चष्मा कपाळावर सरकवला आणि बराच वेळ स्क्रीनवर बोट फिरवत राहिले.

"शुक्रवारी थोडा झालाय म्हणे," ते म्हणाले. "पेरणीजोगा नाही अजून."

"मग थांबा की," आजी म्हणाली आणि डोक्यावर पदर घेतला.